आईच्या रकान्यात काकूचं नाव

"झडप नीट उघडतच नाहीये," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले. "आणि औषधानं ती उघडणारही नाही. बदलावी लागेल."

शहाद्याच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी धुळ्याहून हृदयाचे डॉक्टर येतात. काकू टेबलावर डाव्या कुशीवर झोपली होती आणि तिची टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी चालली होती. आजाराचं नाव त्यांनी सिव्हिअर एओर्टिक स्टेनोसिस असं सांगितलं. हृदयातून सगळ्या शरीराला रक्त जातं, त्या दारावरची झडप कडक होऊन अरुंद झाली होती. मी कागदावर ते नाव लिहून घेतलं आणि तीन ठिकाणी चुकवलं.

काकू चौसष्ट वर्षांची. सहा महिन्यांपासून चालताना तिला दम लागायचा. ती म्हणायची गॅस आहे, आणि आम्हीही ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. मग एका सकाळी गावाकडे केळीच्या बागेत ती चक्कर येऊन पडली. या आजारात चक्कर आली की फार थांबायचं नसतं, हे डॉक्टरांनी शांतपणे पण दोनदा सांगितलं. ऑपरेशन सुरतेला होईल, आणि ते याच महिन्यात व्हायला हवं.

ज्यांच्या घरात असं माणूस आहे आणि विम्याचे कागद कपाटात कुठेतरी पडलेले आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. माझी चूक शहाणपणाची वाटणारी होती, म्हणून तिच्यापासून जास्त जपायला हवं.

आधी काकूबद्दल. मी चार वर्षांचा असताना माझी आई गेली. काका-काकूंना मूल नव्हतं. आमची चूल एकच होती, त्यामुळे मला कुणी कुणाकडे सोपवलं वगैरे काही झालं नाही. आई गेली त्या दिवशी संध्याकाळी काकूनं मला जेवू घातलं आणि पुढे घालतच राहिली. काका गेले, वडील गेले, मी ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरीला लागलो, लग्न झालं, शहाद्यात घर केलं, आणि काकू आमच्याबरोबर आली.

कंपनीत ग्रुप विमा आहे. ग्रुप म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची मिळून एक पॉलिसी. त्यात बायको, मुलं आणि आईवडील बसतात. जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, तपासणी नाही, प्रश्न नाहीत. फॉर्म भरताना आईचा रकाना आला. मी क्षणभरही थांबलो नाही, काकूचं नाव आणि जन्मतारीख टाकून दिली. आमच्याकडे एकत्र घरात वाढलेला कुणीही हेच करेल. जिनं वाढवलं ती आई, यात लपवण्यासारखं काय आहे, असं मला खरोखर वाटलं होतं.

माझ्या बायकोला ते पटलं नाही. जयश्री फार्मासिस्ट आहे, एका मेडिकल दुकानात बसते. औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचायची तिला सवय, त्यामुळे घरातही कुठलाच कागद तिच्या हातून सुटत नाही. घरात जे चालतं ते कंपनीच्या कागदावर चालेलच असं नाही, असं ती म्हणाली. मी तिला वकीलबाई म्हणून चिडवलं. तिनं काकूसाठी वेगळी वैयक्तिक पॉलिसी काढली. आमच्याबरोबर एकाच पॉलिसीत घातलं असतं तर काकूच्या वयावरून सगळ्यांचा हप्ता वाढला असता, म्हणून एकट्या काकूची.

या पॉलिसीचा फॉर्म भरताना एजंटनं बीपीच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहायला सुचवलं होतं. काकूची बीपीची गोळी तेव्हा चालू होती. जयश्रीनं 'होय' लिहिलं. त्यामुळे काकूची तपासणी झाली, ईसीजी काढला गेला, हप्ता वाढला, आणि बीपीशी संबंधित आजारांना तीन वर्षांचा वेटिंग पीरियड लागला. म्हणजे तेवढी वर्षं त्या आजाराचा खर्च मिळणार नाही. माझ्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा होता. फुकटचा विमा हातात असताना पैसे देऊन प्रश्न विकत घ्यायचे! गेल्या वर्षी मी तिला स्पष्ट सांगितलं की ही पॉलिसी बंद करून टाक. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे माझं ऐकलं, असं मी समजलो. लग्नाला बारा वर्षं झाल्यावरही माणूस असं समजू शकतो.

सुरतेला मी आणि काकू दोघंच गेलो. मुलीची परीक्षा होती, म्हणून जयश्री मागे राहिली. भरती होण्याआधी इन्शुरन्स डेस्कवर प्री-ऑथरायझेशनचा फॉर्म भरायचा होता. विमा कंपनी खर्चाला आधीच मंजुरी देते आणि दवाखान्याला परस्पर पैसे पोचवते, त्याला कॅशलेस म्हणतात. काकू शेजारी व्हीलचेअरवर बसली होती. डेस्कवरच्या मुलीनं आधार कार्ड पाहिलं, माझं कंपनीचं कार्ड पाहिलं, आणि हिंदीत विचारलं की या तुमच्या सख्ख्या आई का? कार्डावर यांच्या पतीचं नाव तुमच्या वडिलांच्या नावापेक्षा वेगळं आहे.

मी हो म्हणालो. आवाजही हलला नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

"नही बेन," काकू म्हणाली. "हाऊ मन्ही जेठानीना पोऱ्या शे. मी याले मोठं करं, पन जनम दिन्हा तो मन्ही जेठानीनी."

जेठानी म्हणजे थोरली जाऊ, माझी आई. ती मुलगी थोडी तरी खानदेशी जाणणारी असावी. तिनं पेन खाली ठेवलं. चार दिवसांवर ऑपरेशन, झडप बंद होत चाललेली, आणि जिच्यासाठी मी खोटं बोललो तिनंच दार लावून घेतलं होतं. मला काकूचा राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला.

त्या मुलीचं मोठेपण असं की तिनं आम्हाला झापलं नाही. फॉर्म अजून पाठवलेला नाही, असं म्हणून तिनं तो फाडला. खोटं नातं दाखवून दावा केला आणि मागाहून उघड झालं तर सगळे पैसे अंगावर आले असते आणि नोकरीवरही बेतलं असतं, हे तिनं समजावलं. मग दुसरी कुठली पॉलिसी आहे का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. होती, पण बंद केली.

बाहेर येऊन जयश्रीला फोन केला. माझं सगळं ऐकून झाल्यावर तिनं सांगितलं की पॉलिसी चालू आहे. गेल्या वर्षी आणि यंदाही तिनं तिच्या पगारातून हप्ता भरला होता आणि मला सांगितलं नव्हतं. वेटिंगची तीन वर्षंही गेल्याच महिन्यात संपली होती. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबारहून गाडी पकडून ती फाइल घेऊन आली, मुलीला शेजारच्या वहिनींकडे ठेवून.

नवा फॉर्म गेला आणि दुपारी क्वेरी आली. क्वेरी म्हणजे मंजुरी देण्याआधी विमा कंपनीनं विचारलेला प्रश्न. हृदयाचा हा आजार पॉलिसी काढण्याआधीपासून माहीत होता का? ज्याची मला भीती होती तेच झालं होतं. जयश्रीनं फाइल उघडली. त्यात फॉर्मची प्रत होती, बीपीपुढे 'होय' लिहिलेली. त्या वेळचा ईसीजी होता, नॉर्मल. बीपीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावलेल्या होत्या. तेव्हा 'नाही' लिहिलं असतं तर त्या चिठ्ठ्यांनीच आम्हाला खोटं पाडलं असतं, आणि दावा तिथेच संपला असता. ज्या खऱ्या उत्तराला मी वेडेपणा म्हणालो होतो, त्याच्यावर आता काकूचं ऑपरेशन उभं होतं.

मंजुरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मधला दीड दिवस आम्ही तिघं वॉर्डात बसून होतो. काकू मात्र शेजारच्या पलंगावरच्या नवापूरच्या बाईला केळफुलाची भाजी सांगत होती. मला वाटतं त्या खोलीत सर्वांत कमी घाबरलेली तीच होती. आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की पुन्हा पुन्हा उठून बाहेर जावं लागलं.

ऑपरेशन पाच तास चाललं. छाती उघडून तिची झडप काढली आणि टिश्यू व्हॉल्व्ह, म्हणजे प्राण्याच्या पेशीजालापासून केलेली झडप बसवली. सर्जन बाहेर आले आणि "छान बसलीय" एवढंच म्हणाले. जयश्री रडली. मी रडायचं ठरवलं नव्हतं, तरी रडलो.

आता जे विचारतात त्यांना मी एवढंच सांगतो. ग्रुप विमा चांगला आहे, तो घ्याच. पण तो नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो, आणि त्यात कुटुंब म्हणजे कोण हे कंपनी ठरवते. तुमच्या चुलीवर जेवणारी आत्या, काकू, मावशी त्या व्याख्येत नसेल तर तिला तिथे घुसवू नका. तिच्यासाठी वेगळी वैयक्तिक पॉलिसी काढा आणि लवकर काढा, कारण वेटिंगची वर्षं आजार येण्याआधी सरायला हवीत. नोकरी सोडायची असेल तर ग्रुपमधून वैयक्तिकमध्ये जाता येतं का, हे राजीनाम्याआधी विचारा. फॉर्मवर बीपी, शुगर, गोळ्या सगळं लिहा, एजंट काहीही म्हणो. आणि घरात बारीक अक्षरं वाचणारं कुणी असेल तर त्याची थट्टा करू नका.

परत आल्यावर मी कंपनीला स्वतःहून कळवून काकूचं नाव काढून घेतलं. तिथल्या मॅडमनी दहा मिनिटं बोलून घेतलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

एक प्रसंग सांगायचा राहिला. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढली आणि मला पाच मिनिटांसाठी आयसीयूत सोडलं. काकूचा चेहरा सुजला होता, आवाज खरखरीत झाला होता. मला वाटलं, ती दुखतंय म्हणेल, नाहीतर नातीचं विचारेल.

"तू तठे खोटं कसाले बोलना?" ती म्हणाली.

इतके दिवस तिनं हा विषय काढला नव्हता. ऑपरेशनला जाताना मला दुखवायचं नव्हतं तिला. तू वाचावीस म्हणून बोललो, असं काहीतरी मी पुटपुटलो.

ती म्हणाली, "माले माय म्हनाले तुले कागद लागस का?"

चाळीस वर्षांत मी तिला काकूशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. फॉर्मवर लिहायची माझी हिंमत झाली होती, तोंडानं म्हणायची झाली नव्हती. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "माय."

"हां," ती म्हणाली. "आते पानी दे."

सिस्टरनं दोनच चमचे सांगितले होते. तिनं तिसरा मागितला. मी दोनच दिले.