नात्यातलं पुस्तक

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या मावसाजींइतका प्रामाणिक माणूस शोधून सापडायचा नाही, आणि खरं सांगू, एकच आहे तेच बरं आहे. दोन असते तर आम्ही घरदार सोडून पळालो असतो.

अकोल्यात जन्मभर मराठी शिकवून मावसाजी अमरावतीला स्थायिक झाले आणि एका खाजगी प्रतिष्ठानाने त्यांना आपल्या साहित्य पुरस्कारांच्या पहिल्या फेरीचे परीक्षक म्हणून नेमलं. मानधन म्हणाल तर ऑटोच्या भाड्यापुरतं. पण दिवाळीनंतर कुरियरवाला पुस्तकांची खोकी टाकून गेला की मावसाजी दहा वर्षांनी तरुण दिसत. मग तीन महिने लिहित्या माणसाच्या घरचा चहासुद्धा बंद. शेजारचे वकील कविता करतात, म्हणून त्यांच्या मुलीच्या लग्नात हे घरचा डबा घेऊन गेले आणि पंगतीत बसून तोच खाल्ला! शेंदूरजनाघाटच्या एका कादंबरीकाराने संत्र्यांची पेटी पाठवली. ती परत करायला निघाले, तर मावशीने त्यातली दोन सोललेली. झालं! मावसाजी तस्से स्कूटरवर बाजारात जाऊन तेवढ्याच आकाराची दोन संत्री घेऊन आले. "खाल्ले काहून?" दिवसभर हेच टुमणं. शेवटी मावशी कातावली, "आंबट होते. लिवा तुमच्या शेऱ्यात!"

अशा माणसाच्या पुढ्यात मी माझी पहिली कादंबरी पाठवली. म्हणजे पाठवली प्रतिष्ठानाकडे, पण डोळा मावसाजींवर. निवड झाली असती तर वर्षभराची अभ्यासवृत्ती होती, नोकरीतून रजा घेऊन दुसरी लिहिता आली असती. घरचाच परीक्षक, थोडं झुकतं माप टाकेलच, असं मनात होतं. सांगायला लाज वाटते, पण होतं.

चौथ्या दिवशी मावसाजींचा फोन आला. त्यांनी परीक्षकपदाचा राजीनामा पाठवून दिला होता!

"नात्यातलं पुस्तक आलं. मले कसं जमन?"

मी हादरलोच. "मावसाजी, मी कादंबरी मागे घेतो. तुम्ही राजीनामा परत घ्या."

"खबरदार! सात वर्सं रक्त आटवलं तुनं. परीक्षक काय, कोनीबी भेटते."

कादंबरी पहिल्याच फेरीत गळाली. त्याचं दुःख मला आठवडाभर पुरलं. पण पुढची दिवाळी गेली आणि मावसाजींकडे खोकी आली नाहीत, ते मात्र बघवेना. फाटक वाजलं की ते चष्मा लावून उठायचे आणि दूधवाल्याला बघून पुन्हा बसायचे. माझ्या मूर्खपणाने एका माणसाचा हिवाळा रिकामा केला होता. शेवटी मीच पाच नवी पुस्तकं घेऊन गेलो. मावसाजींनी एकेक उलटूनपालटून पाहिलं.

"यात तुहं नाई ना?"

"नाही. दुसरं मी अजून लिहिलंच नाही."

"काहून नाई लिहिलं बाप्पा?" ते एकदम चिडलेच. पुस्तकं बाजूला सारली. "तुहं पहिलं तं तीनदा वाचून झालं माह्यं. आता मी वाचू काय?"