नारदाच्या घरचा ऑर्केस्ट्रा

सत्यवान मास्तरांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात नारद व्हायचे. शब्द कितीही आडवळणाचा असो, नुसता अर्थ सांगून पोरांची सुटका नसे. वाक्यात वापरून दाखव, नाहीतर राहा बाकावर उभा! घरातही तीच तऱ्हा.

जत्रेच्या सकाळी मुलगा ओंकार कीबोर्ड घेऊन निघाला. संध्याकाळी देवळाच्या एका अंगाला बापाचं नाटक, दुसऱ्या अंगाला लेकाचा ऑर्केस्ट्रा, तेही एकाच वेळी. देवस्थान कमिटीनं आधीच बजावलं होतं, यंदा माणसं उठून तिकडे गेली तर पुढल्या वर्षी दशावतार बंद. मास्तर ओटीवरून कडाडले, "काउंटर-अट्रॅक्शन!"

"म्हंजे काय वो?" बायको, नर्मदा, दारातून म्हणाली.

"आपल्या मांडवातली माणसां ओढून न्हेणारी दुसऱ्याची मजा. वाक्यात उपयोग, माझो झील माझ्याच नाटकाचो काउंटर-अट्रॅक्शन आसा! आणि तू आज पयल्या खुर्चीत दिसाक व्हयी."

बिचारी येऊन बसली. पण नाटक रंगात येण्याआधीच मागच्या खुर्च्या सरकू लागल्या. पलीकडे ओंकारचा कीबोर्ड घुमत होता. दशावतारात लिहिलेलं काही नसतं, सुचेल ते तिथल्या तिथे बोलायचं. नारदाने डाव टाकला.

"राक्षसराज, तुमची प्रजा चालली खंय? ह्येका इंग्रजीत काउंटर-अट्रॅक्शन म्हणतत!" अर्थही फोडून सांगितला. लोक हसले, उठलेले थबकले.

राक्षस झालेला बाबली भारी हजरजबाबी. "नारदा, थंय बसलेल्यांका इचार. तेंच्या हिशोबान काउंटर-अट्रॅक्शन तू! आणि थंय वाजयता तो झील कोणाचो रे?"

मांडव खदखदून हसला. गावाला सगळं ठाऊक होतं. आता ओंकारची चार वाक्यांत टर उडवली की मांडव आपला, नाटक वाचलं. पण आपलेच दात, आपलेच ओठ! मास्तरांनी आधाराला पहिल्या खुर्चीकडे पाहिलं. नर्मदा मान खाली घालून बसली होती आणि तिचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. तो ठेका इथल्या मृदंगाचा नव्हता.

मास्तरांचा जीव गलबलला. सकाळी आपण हिला दमात घेऊन इथे बसवलं, याची त्यांना लाज वाटली.

"झील माझो," ते म्हणाले. "आणि बरा वाजयता मेलो. ज्यांका जावचा आसा, तेंनी जावा."

नर्मदा उठली, पदर सारखा केला आणि ऑर्केस्ट्राच्या दिशेने चालू लागली. मास्तरीणबाईच गेल्या म्हटल्यावर अडवणार कोण? पहिली ओळ उठली, मग दुसरी, मग कमिटीवालेही.

बाबलीचं तोंड उतरलं. मास्तरांनी चिपळ्या सावरल्या.

"चल, बाबल्या," ते हळूच म्हणाले, "शेवटचा नाटक आसा. बरा करूया."