वंगण चोळलेला वीर

कापूस खरेदी केंद्रासमोर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग दोन दिवस हलली नव्हती, पण बळीराम आपल्या बंडीभोवती सारखा फेऱ्या मारत होता. कालच तो दिग्रसच्या टॉकीजमध्ये उडत्या वीराच्या सिनेमाचा दुसरा भाग पाहून आला होता आणि आज रांगेला ती गोष्ट सांगायची होती.

पहिला भाग त्याने मागल्या हंगामात इथेच सांगितला होता. वीराचा गुरू दरीत पडून मेला, तेव्हा रांगेतला हरीसिंगसारखा आडदांड गडी दुपट्ट्यात तोंड खुपसून रडला होता. आता दुसऱ्या भागात तोच गुरू सुरुवातीलाच चहा पीत बसलेला! कसा वाचला, एक अक्षर नाही. शिवाय पाणी लागलं की वीराची ताकद जाते, हे आधी ठणकावून सांगितलेलं. आता तोच वीर खुशाल समुद्रातून जहाज उचलतो. बनवणाऱ्यांना लाज नव्हती, म्हणून ती सगळी बळीरामच्या वाट्याला आली. इंटरवलमध्ये त्याने भजीसुद्धा खाल्ली नाहीत.

"सांग ना राजा!" हरीसिंग जुवावर बसला. "भाव रोज बदलून राह्यला, केंद्राची तारीख बदलून राह्यली. तुही गोष्ट तेवढी बदलत नाई."

झालं. बळीरामला घाम फुटला. त्याने गुरूला तिथल्या तिथे जुळा भाऊ दिला. जहाजापाशी आल्यावर मात्र तो अडखळला. नजर बंडीच्या चाकातल्या काळ्या, तेलकट आसावर गेली.

"मंग वीरानं काय केलं? अंगभर वंगण चोळलं!"

"बरोबर," हरीसिंग म्हणाला. "वंगणावर पाणी ठरतच नाई."

रांगेने माना डोलावल्या. पण दुसऱ्या दिवशी हरीसिंग स्वतःच टॉकीजला गेला. बळीरामने तोवर बैलांना तीनदा पाणी दाखवलं. शेवटी बैलांनी तोंड फिरवलं.

हरीसिंग तणतणत परतला. "काय बळीरामभाऊ! जुळा भाऊ नाई, वंगण नाई!"

बळीरामने मान खाली घातली.

"मी मॅनेजरच्या उरावरच बसलो. म्हटलं, काहून कापलं बे? तो म्हणते, असं काही नव्हतंच. चोर लेकाचे!" हरीसिंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिसरा भाग आला का तुह्या बाजूलेच बसतो. त्यायनं कापलेलं तू मले मधामधात सांगत जाय."

रांग एकदाची हलली. मागचे ओरडले, पण बळीराम आतापासूनच तिसऱ्या भागाची जुळवाजुळव करत बसला होता; त्याची बंडी जागची हलेना.