सकाळची पहिली अपॉइंटमेंट

बीकर हातातून सुटला तो फ्यूम हूडच्या आत सुटला, हेच नशीब. फ्यूम हूड म्हणजे पुढे काच असलेलं मोठं कपाट. आतली वाफ वरच्या वर ओढून घेतली जाते, म्हणून ॲसिडचं काम त्यातच करायचं. नायट्रिक ॲसिड सांडलं, तपकिरी धूर उठला. मी काच खाली ओढली आणि मागे सरले. कुणाला काही झालं नाही. पण मी बीकर सोडला नव्हता. मी तो धरूनच होते, बोटांनी सोडला.

२००४ सालचा उन्हाळा. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये एका चिप बनवणाऱ्या कंपनीत मी फेल्युअर ॲनॅलिसिस इंजिनिअर होते. नाव भारदस्त, काम साधं. गिऱ्हाइकाकडून बिघडलेली चिप परत आली की ती का बिघडली ते शोधायचं. त्यासाठी चिपवरचं काळं प्लास्टिक ॲसिडने विरघळवून आतलं सिलिकॉन उघडं करावं लागतं. अशा शेकडो चिप्स मी उघडल्या होत्या. एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता.

माझा मॅनेजर गॅरी धावत आला. आधी माझे हात पाहिले, मग हूड पाहिला.

"काय झालं?"

"हातातली ताकद गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. दुपारनंतर जाते."

गॅरी माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "आजपासून लॅब बंद. डॉक्टरचं सर्टिफिकेट आण. काही मेडिकल असेल तर एचआर बघेल. नसेल, तर मला हे परफॉर्मन्समध्ये लिहावं लागेल."

परफॉर्मन्समध्ये लिहिणं म्हणजे काय, ते व्हिसावरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. माझा नवरा सुहास सॉफ्टवेअरमधला, पण त्याची कंपनी बुडाली होती आणि तो माझ्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून राहत होता. त्याला काम करायची परवानगी नव्हती. माझी नोकरी गेली असती तर दोघांनाही सामान बांधावं लागलं असतं.

त्रास काही त्या दिवशी सुरू झाला नव्हता. वर्षभर चालला होता. सकाळी मी ठणठणीत. दुपार उलटली की उजवी पापणी खाली यायची. घरी परतताना रस्त्यावर एकाच्या जागी दोन गाड्या दिसायच्या, म्हणून सुहास मला न्यायला यायला लागला. रात्री पोळी चावता चावता जबडा मध्येच थांबायचा. वेणी घालायला वर केलेले हात आपोआप खाली यायचे. उन्हात तर सगळंच दुप्पट. आणि एक झोप झाली की जणू काही घडलंच नाही!

डॉक्टर झाले होते की! फॅमिली डॉक्टरकडे मी दोनदा गेले होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा. त्याने चष्म्याचा नंबर बदलून दिला. फॅमिली डॉक्टरने रक्त तपासलं, हातोडीने गुडघे ठोकले आणि सगळं नॉर्मल आहे म्हणाला. दुसऱ्या खेपेला तर तो खुर्ची पुढे ओढून बसला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "तुमच्या देशातून आलेल्या बऱ्याच बायकांना इथे एकटं वाटतं. घरची आठवण येते का?"

"येते. पण त्याने पापणी पडत नाही."

"स्ट्रेस फार विचित्र रूपं घेतो," असं म्हणत तो उठलासुद्धा.

सर्टिफिकेटसाठी मी पुन्हा त्याच्याचकडे गेले. आणि पुन्हा सकाळची पहिली अपॉइंटमेंट घेतली. मी नेहमी तीच घ्यायचे. रजा टाकायला नको, आठाला दाखवून नऊला कामावर हजर. आदल्या रात्री लवकर झोपायचे. सकाळी न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, टिकली लावून निघायचे. डॉक्टरकडे गबाळं जायचं नाही ही आईची शिस्त. नर्सने "हाऊ आर यू टुडे?" विचारलं की मी "फाइन, थँक यू" म्हणायचे. कुणी विचारपूस केली तर लगेच रडगाणं गायचं नसतं, हेही घरचंच.

डॉक्टरने मला हाताची पकड आवळायला सांगितली. मी चांगली आवळली. "एक्सलंट!" म्हणाला. आणि कामावर जायला पूर्णपणे फिट असल्याचं सर्टिफिकेट आनंदाने लिहून दिलं.

गॅरी तर खूष झाला. "ग्रेट न्यूज! सोमवारपासून परत लॅबमध्ये."

मी म्हटलं, "मी ॲसिड हाताळणार नाही."

"डॉक्टर म्हणतो तू फिट आहेस."

"डॉक्टरच्या हातात बीकर नव्हता."

त्याने सर्टिफिकेट माझ्यापुढे सरकवलं. "हे बघ, मेडिकल कारण नाही आणि तू काम नाकारतेस. मी एचआरला काय सांगू? पुढच्या आठवड्याअखेरपर्यंत काहीतरी आण. तोवर डेस्कवर बस."

संध्याकाळी सुहासला सांगितलं. तो भांडी घासत होता. पाठमोराच म्हणाला, "तू एकदा एखाद्या काउन्सेलरकडे जाऊन तर बघ. सगळेच डॉक्टर चुकतात का?"

मला जेवढा राग त्या डॉक्टरांचा आला नव्हता तेवढा त्या वाक्याचा आला. परक्यांचं सोडा, पण हा तर माझी पडलेली पापणी रोज बघत होता! उलट बोलले असते तर संध्याकाळी नाकात जाणारा माझा आवाजही त्याला रडका वाटला असता.

डेस्कवर माझ्याकडे एक चिप आली. गिऱ्हाईक शेतीच्या पंपांचे कंट्रोलर बनवायचं. त्यांचं म्हणणं, पंप दुपारी बंद पडतात. आमच्या टेस्टरवर चिप पास. पुन्हा लावली, पुन्हा पास. अशा चिपला आमच्याकडे 'एनटीएफ' म्हणतात. नो ट्रबल फाउंड. दोष सापडला नाही, गिऱ्हाइकाचाच काहीतरी घोळ असेल, असं सभ्य भाषेत कळवायचं आणि केस बंद.

"एनटीएफ करून टाक," गॅरी जाता जाता म्हणाला.

"गरम करून बघते."

त्यात काही मोठी अक्कल नव्हती. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात. चिपच्या आत केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात. एखादीचा जोड कच्चा असेल तर गार असताना ती टेकलेली राहते आणि गरम झाली की उचलली जाते. लॅबच्या एसीमध्ये ती कधीच पकडली जात नाही. ज्या अवस्थेत ती मरते त्याच अवस्थेत तिला ठेवायचं आणि मग मोजायचं. मी चिप चालू ठेवून तिच्यावर गरम हवा सोडली. थोड्या वेळाने टेस्टरवर लाल अक्षरं आली, फेल. हवा बंद केली, चिप गार झाली, पुन्हा पास.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. वर्षभर ते डॉक्टर मला गार असताना तपासत होते. आणि तशी तपासायला मी स्वतःच, न्हाऊनमाखून, त्यांच्यासमोर जाऊन बसत होते.

न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे नसांचा डॉक्टर. आमच्या इन्शुरन्समध्ये त्याच्याकडे थेट जाता येत होतं. मी फोन लावला. रिसेप्शनिस्ट म्हणाली, "गुरुवारी सकाळी आठची कॅन्सल झालीय, लकी आहात."

"सकाळची नको. दिवसातली शेवटची द्या."

"शेवटची? तोवर डॉक्टरांना उशीर झालेला असतो हं."

"चालेल. जितका उशीर तितकं बरं."

गुरुवारी मी मुद्दाम दिवसभर उभ्याने काम केलं. जेवण चावून चावून खाल्लं. सुहास न्यायला आला तेव्हा गाडीत बसून मी एसी बंद केला आणि काचा खाली केल्या. चँडलरच्या जूनमध्ये.

"तुला वेड लागलंय का?" तो ओरडला.

"आज मला बरं दिसायचं नाहीये. चल."

न्यूरॉलॉजिस्ट वयस्कर होता, दमलेला होता आणि त्याने आधीच्या डॉक्टरांची नोट वाचली होती. ते त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. हातोडी झाली, टॉर्च झाली. "रिफ्लेक्सेस तर नॉर्मल आहेत," असं म्हणत त्याने पेनाचं टोपण लावलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचं काम तुम्हाला शिकवत नाही. पण माझ्या कामात दुपारी बिघडणारी वस्तू मी गार करून तपासली आणि चांगली आहे म्हणाले, तर मला घरी पाठवतील. मला थकवून तपासा."

त्याला ते आवडलं नाही. पण टोपण त्याने काढलं. "ठीक आहे. छताकडे बघा. डोळे खाली आणू नका. दोन्ही हात पुढे, आणि मोठ्याने आकडे म्हणा."

मी सुरुवात केली. विसाच्या पुढे माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटायला लागला, नाकातला आणि पातळ. हात थरथरत खाली यायला लागले. उजवी पापणी आधी गेली, मग डावी. मी छताकडेच बघत होते, पण छत दिसेना.

मागच्या खुर्चीवरून सुहासचा आवाज आला, "हे रोज होतं, डॉक्टर. मी रोज बघतो."

डॉक्टर स्वतः उठून स्टाफच्या फ्रीजमधून बर्फ घेऊन आला. रबरी हातमोज्यात भरला आणि माझ्या उजव्या डोळ्यावर धरून ठेवला. काढला तेव्हा ती पापणी वर होती. डावी मात्र तशीच पडलेली.

"मायस्थेनिया ग्रेव्हिस," तो हळूच म्हणाला. मग त्याने साध्या शब्दांत सांगितलं. नस हुकूम सोडते, पण शरीर स्वतःच तो स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. विश्रांती घेतली, गारवा मिळाला की थोडा पोहोचतो. थकलं की अडतो. रक्ताची खास टेस्ट आणि छातीचं स्कॅनिंग करावं लागेल. गोळ्या आहेत. पण आजार जन्मभराचा. आणि दुर्लक्ष केलं असतं तर एक दिवस श्वासाचे स्नायूही थांबले असते.

मी रडले. भीतीने नाही, खरं सांगते. सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले. सुहास बर्फाचा हातमोजा धरून उभा होता, त्याचं पाणी बुटांवर ठिबकत होतं.

डॉक्टर म्हणाला, "एक कबूल करतो. तुम्ही सकाळी आला असता तर मीही तुम्हाला परत पाठवलं असतं."

वर्षभरात एवढा प्रामाणिक डॉक्टर मला भेटला नव्हता.

रक्ताचा रिपोर्ट तेच म्हणाला. गॅरीने कागद वाचला, चष्मा काढला आणि "आय ॲम सॉरी" म्हणाला. ॲसिडचं काम दुसऱ्याकडे गेलं, माझी मायक्रोस्कोपची कामं सकाळी लागली, नोकरी टिकली. आजार बरा झाला नाही, होणारही नव्हता. गोळ्यांची वेळ चुकली की पापणी आजही पडते.

काही महिन्यांनी गोळ्या चालू ठेवायला त्याच फॅमिली डॉक्टरकडे जावं लागलं. त्याने न्यूरॉलॉजिस्टचा रिपोर्ट वाचला. "रेअर आहे हे फार," म्हणाला. "आख्ख्या करिअरमध्ये एखादीच अशी केस बघायला मिळते."

"तुम्ही तीनदा बघितलीत," मी म्हटलं. "पुढची आली तर तिला संध्याकाळी बोलवा."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तो थांबला.