विहिरीचे दोन फोटो

बीडच्या बसस्टँडमागं एका फोटोवाल्यांचं दुकान होतं. बोलताना ते एक डोळा बारीक करायचे, जणू समोरच्या माणसाचीही निगेटिव्हच उजेडाला धरलीय.

दुष्काळात आमच्या सहकारी संस्थेची विहीर किती खोल गेलीय, ते टँकर मंजूर करणाऱ्या साहेबांना दाखवायचं होतं. गावात यायला त्यांना सवड नव्हती. मी दोन भिंगांच्या कॅमेऱ्यानं विहीर टिपली, डाव्या-उजव्या डोळ्यासाठी एकेक फोटो, आणि छापायला दुकानात दिली. दोन्ही फोटो तंतोतंत सारख्या उजेडाचे छापले, तरच जोडभिंगातून, म्हणजे डोळ्यांना लावायच्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून, खोली दिसते.

उजवा फोटो जरासा काळपट आला. मला तर फरक कळलाही नाही. फोटोवाल्यांनी दोन्ही फाडले.

"अहो, डावा चांगला होता की!"

"एकट्याचं काय करता? जोडी एकाच पाण्यातून निघाली पायजे."

दुकानातलं पाणी संपलं होतं. त्यांनी घरच्या वाट्याचा टँकरचा हंडा आणून फोटो धुवायच्या ट्रेमध्ये ओतला. मी अडवलं, तर म्हणाले, "आमी ऱ्हाऊ बिगरआंघोळीचं. पर हीर उथळ दिसली न्हाई पायजे."

साहेबांनी जोडभिंग डोळ्यांना लावलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत दचकून पाय मागं घेतले.

दुकानात जाऊन मी हे सांगितलं. त्यांनी एक डोळा बारीक केला.

"दोनी पाय ना?"