गुण न मांडणाऱ्या आर्लिसबाई

अमेरिकेत, मिनेसोटातल्या त्या गावात शाळेचा खेळाचा हॉल मुलग्यांचा. मुलींना मिळायची ती भल्या पहाटेची उरलीसुरली वेळ. आर्लिसबाई बर्फ तुडवत यायच्या आणि पोरींना बास्केटबॉल शिकवायच्या, बिनपगारी. वसंतात शेजारच्या शाळांच्या मुली जमत. सगळ्यांची सरमिसळ करून संघ पाडायचे, खेळायचं, मग सरबत-बिस्किटं. गुण कुणी मांडायचे नाहीत. मुलींनी जिंकायचा हव्यास धरू नये, अशी रीतच होती, आणि बाईंनी ती मनोभावे पाळली होती.

मग १९७२ साली कायदा आला. शाळेत मुलामुलींना सारखंच द्यायचं, खेळातसुद्धा. बाईंनी देवाचे आभार मानले. आता पोरींचा खरा संघ होणार, खरे सामने होणार.

"कोच तुम्हीच ना, बाई?" उंचाड्या जोलीननं विचारलं.

"मग काय माझं भूत येणार?"

पण मुख्याध्यापक ओडेगार्डसाहेबांनी बोलावून घेतलं. "बाई, कोचची जागा आता पगारी झाली. मुलग्यांच्या फुटबॉलच्या रॉजरनंही अर्ज केलाय. तुम्ही सामने किती जिंकलेत?"

"जिंकले? आम्ही गुणच मांडत नव्हतो, साहेब. चढाओढ मुलींना शोभत नाही, असं तुम्हीच सांगायचात."

"ते खरं हो. पण शाळा चालवणाऱ्या बोर्डाला अनुभव लागतो. रॉजरनं फुटबॉलचे सामने जिंकून दिलेत."

"त्याला बास्केटबॉल कुठे येतो?"

"शिकेल की! तुम्ही आहातच."

पहिल्या सामन्याला सारा गाव लोटला. बाईंना दाराशी तिकिटं फाडायला बसवलं होतं. पोरी मागे पडत गेल्या. कोच म्हणून रॉजर नुसता ओरडत होता. मध्यंतरात जोलीन धावत आली.

"बाई, ती सात नंबरची मला सुटूच देत नाही. काय करू?"

काय करायचं ते बाईंना बसल्या जागेवरून स्वच्छ दिसत होतं. ओठांवर आलंही होतं.

"तुझ्या सरांना विचार."

"त्यांना काही कळत नाही हो!"

"मी तिकिटं फाडते, जोलीन. जा."

पोरी हरल्या. फळ्यावरचे आकडे पाहून बाईंना क्षणभर बरं वाटलं, अगदी गोड वाटलं, आणि लगेच स्वतःचीच शिसारी आली. जोलीन रडत बाहेर आली ती थेट त्यांच्याच गळ्यात पडली. तिला थोपटायला बाईंचा हात उचलेना.