वाळल्या बागेचं चित्र
संत्र्याला बहार आला की त्या वासासरशी मला आर्वीजवळची आमची जुनी बाग आठवते. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तरुणपणी लावलेली ती बाग डिंक्या रोगाने वाळत चालली होती. रोग शेजारच्या नव्या कलमांवर जाईल, म्हणून ती तोडावी असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं. मामंजी ऐकत नव्हते. बापलेकांचं बोलणं बंद झालं होतं आणि दोघांची ताटं मी वेगवेगळ्या वेळी वाढत होते. बाग जायच्या आत तिचं चित्र काढून ठेवावं म्हणून एका दुपारी मी माहेरून आणलेले रंगीत खडू घेऊन विहिरीपाशी बसले. पानं पिवळी पडली होती, खोडांवरून तांबूस डिंक ओघळला होता. बोटाने रंग पसरवत मी दिसेल तसं काढत गेले. मामंजी मागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही. "वाळल्या फांद्या काऊन काढल्या?" त्यांनी विचारलं. मी चाचरत म्हणाले, "आहेत ना, मामंजी." ते चित्राकडे पाहत राहिले, मग बागेकडे. "लय वाळली वं बाग," ते हळूच म्हणाले. "रोज येतो, पण मले दिसलंच नाई." त्या संध्याकाळी ते आपणहून मुलाजवळ गेले आणि म्हणाले, "सकाळी कुऱ्हाड घेऊन येजो. पहिलं झाड मी तोडतो." त्यांनी ते तोडलंही. चित्र मात्र माझ्याकडून मागून घेतलं आणि आपल्या खाटेजवळ लावलं. आता ते माझ्याकडे आहे. रंग बरेच उडालेत, फांद्या तेवढ्या दिसतात.